शिंपल्यांच्या पेशींतली डीएनएची मोडतोड कशी मोजावी: या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

समुद्राच्या पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत नेली, तर त्यात शिसं किती आणि तेलाचे अंश किती हे सांगता येतं. पण तो आकडा बाटली भरली त्या घटकेचा. भरती आली, वारा फिरला, की तो बदलतो. शिवाय त्या रसायनांनी तिथल्या जिवांचं काय बिघडवलं, हे पाण्याच्या नमुन्यातून कळत नाही. त्यासाठी शिंपल्यांकडे जावं लागतं.

शिंपले जागा सोडून जात नाहीत. मसल जातीचा मोठा शिंपला तासाला साधारण एक-दोन लिटर पाणी कल्ल्यांतून गाळतो आणि त्यातलं बरंच काही अंगात साठवतो. तेल आणि कोळसा अर्धवट जळून तयार होणारी पीएएच कुळातली संयुगं माशाचं यकृत लवकर मोडून बाहेर टाकतं; शिंपल्यांची ती क्षमता कमी असल्यामुळे ती त्यांच्या मांसात टिकून राहतात. याच जोरावर एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये ‘मसल वॉच’ची कल्पना मांडली. अमेरिकेच्या नोआ या संस्थेने त्या नावाचा कार्यक्रम १९८६ पासून चालवला. तिथे मुख्यतः अंगात साठलेली रसायनं मोजतात. आपण त्याच्या पुढचा प्रश्न घेणार आहोत: त्या साठ्याने पेशींतल्या डीएनएला इजा झाली का?

एक गोष्ट आधीच सांगतो. प्रयोगशाळेतली चाचणी हा या कामाचा सोपा भाग आहे. शिंपला पाण्यातून काढल्यापासून त्याची पेशी जेलमध्ये बसेपर्यंतच्या काही तासांत तुम्ही स्वतःच भरपूर डीएनए तोडू शकता, आणि मग तो दोष प्रदूषणाच्या नावावर जमा होतो. म्हणून खाली चाचणीच्या कृतीपेक्षा तिच्या आधीच्या पायऱ्यांवर जास्त लिहिलं आहे.

दोन चाचण्या, दोन वेगळी उत्तरं

कॉमेट चाचणीत एकेक पेशी अगारोजच्या जेलमध्ये बसवतात, तिचं आवरण विरघळवतात आणि विजेचा प्रवाह देतात. अखंड डीएनए जागेवर राहतो, तुटलेले धागे धन टोकाकडे सरकतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली डोकं-शेपटी असलेला धूमकेतू दिसतो. ऑस्टलिंग आणि जोहान्सन यांनी १९८४ मध्ये ही पद्धत मांडली. आज बहुतेक सगळे वापरतात ती तीव्र अल्कलीतली आवृत्ती सिंग आणि सहकाऱ्यांची, १९८८ ची. तिच्यात एकेरी धाग्यातले तुटलेले भागही दिसतात, आणि अल्कलीत तुटणाऱ्या कमकुवत जागाही.

मायक्रोन्यूक्लियस चाचणी त्याहून जुन्या वळणाची. पेशी विभागताना गुणसूत्राचा तुकडा किंवा अख्खं गुणसूत्र मागे राहिलं, तर त्याचं मुख्य केंद्रकाशेजारी छोटंसं वेगळं केंद्रक बनतं. ते मोजायचं.

फरक काळाचा आहे. कॉमेटमध्ये दिसणारी मोडतोड पेशी बऱ्याचदा काही तासांत ते काही दिवसांत दुरुस्त करते, त्यामुळे ती चाचणी अलीकडचं सांगते. मायक्रोन्यूक्लियस तयार व्हायला पेशीविभाजन व्हावं लागतं; तो उशिरा दिसतो, पण ती पेशी असेपर्यंत राहतो. जमलं तर दोन्ही करा. हाताशी चांगला सूक्ष्मदर्शक आणि गिम्सा रंग एवढंच असेल, तर मायक्रोन्यूक्लियसपासून सुरुवात करा. नवी मंडळी कॉमेटकडे धावतात, कारण चित्रं देखणी येतात. पण तिच्यात बिघडण्यासारख्या जागाही जास्त आहेत.

पायरी १: प्रश्न आणि ठिकाणं

‘या किनाऱ्यावर प्रदूषण आहे का’ या प्रश्नाला शिंपला उत्तर देत नाही. ‘या सांडपाण्याच्या तोंडापासून दूर जाऊ तसतशी डीएनएची हानी कमी होते का’ याला देतो. म्हणजे एक संशयित जागा आणि एक स्वच्छ जागा एवढ्यावर थांबू नका. उगमापासून वाढत्या अंतरावर तीन-चार ठिकाणं घ्या आणि तुलनेसाठी शक्यतो दोन स्वच्छ ठिकाणं. स्वच्छ ठिकाण एकच असेल, तर दिसलेला फरक प्रदूषणाचा की त्या एका जागेच्या स्वभावाचा, हे कधीच सुटत नाही.

सगळ्या ठिकाणांची क्षारता आणि तापमान जवळपास सारखं हवं. खाडीच्या आतले शिंपले आणि उघड्या समुद्रातले शिंपले यांची तुलना केलीत, तर गोड्या पाण्याचा ताण मोजाल. ठिकाणावर गेल्यावर तापमान, क्षारता आणि विरघळलेला ऑक्सिजन नोंदवल्याशिवाय एकही शिंपला उचलू नका.

आणि शक्य असेल तिथे शांत काळातले आकडे आधीच जमवून ठेवा. नोव्हेंबर २००२ मध्ये प्रेस्टिज हे तेलवाहू जहाज स्पेनच्या गॅलिशिया किनाऱ्यासमोर बुडालं, तेव्हा तिथल्या मसलवर कॉमेट चाचण्या झाल्या. असे अपघात सांगून येत नाहीत. आधीची नोंद असेल तरच नंतरच्या नोंदीला वजन येतं.

पायरी २: कोणता शिंपला

मसल, कालवं, तिसऱ्या, तिन्ही चालतात. पण एका अभ्यासात एकच जात. मसलवर सर्वात जास्त काम झालेलं असल्यामुळे तुलनेला आकडे सापडतात. तिसऱ्या गाळात राहतात, तेव्हा प्रश्न गाळातल्या प्रदूषणाचा असेल तर त्या बऱ्या.

जात ओळखण्यात गाफील राहू नका. मसलच्या मायटिलस वंशातल्या एड्युलिस, गॅलोप्रोव्हिन्शियालिस आणि ट्रॉस्युलस या जाती जिथे एकत्र येतात तिथे त्यांचा संकर होतो, आणि नुसत्या शिंपेवरून त्या वेगळ्या काढणं अवघड असतं. काही मांस अल्कोहोलमध्ये ठेवलंत, तर पुढे शंका आल्यास जनुकीय खात्री करता येते.

आकार सारखा ठेवा. कॅलिपरने लांबी मोजून ठरावीक मर्यादेतलेच घ्या, कारण आकार म्हणजे ढोबळमानाने वय, आणि वयाप्रमाणे साठाही बदलतो आणि दुरुस्तीचा वेगही. अंडी-शुक्राणू सोडण्याचा हंगाम टाळा. त्या काळात शिंपल्याची सगळी चयापचय क्रिया हललेली असते. टाळता येत नसेल, तर निदान सगळ्या ठिकाणचे नमुने एकाच आठवड्यात घ्या.

पायरी ३: तिथलेच घ्यायचे की पिंजऱ्यात टांगायचे

तिथेच वाढलेले शिंपले वर्षानुवर्षांचा परिणाम दाखवतात, पण ते त्या वातावरणाला सरावलेले असतात. नाजूक होते ते आधीच मेलेले असू शकतात. स्वच्छ जागेतून एकाच खेपेचे शिंपले आणून प्रत्येक ठिकाणी जाळीच्या पिंजऱ्यात चार-सहा आठवडे टांगले, तर वय, वंश आणि पूर्वइतिहास सगळ्यांचा एक राहतो. माझं मत पिंजऱ्याच्या बाजूने आहे. खोली सगळीकडे सारखी ठेवा, जाळीत गर्दी करू नका, आणि मूळ जागेवरही एक पिंजरा टांगा, नाहीतर हाताळणीचा परिणाम वेगळा काढता येणार नाही. पिंजरे चोरीला जातात, वादळात तुटतात. जादा टांगा.

पायरी ४: आणायचे कसे

इथे सगळ्यात जास्त कामं बिघडतात.

मसल खडकावरून ओढून काढू नका. त्याचे चिवट तंतू शरीराच्या आत स्नायूशी जोडलेले असतात. हिसका दिला की आत जखम होते. तंतू कात्रीने कापा. काढलेले शिंपले समुद्राच्याच पाण्याने धुऊन, त्याच पाण्यात भिजवलेल्या ओल्या कापडात गुंडाळून थंड पेटीत ठेवा. बर्फाच्या पिशव्या आणि शिंपले यांच्यामध्ये कापडाचा जाड थर हवा. बादलीभर पाण्यात बुडवून आणणं बरं वाटतं, पण बंद भांड्यातला ऑक्सिजन ते पटकन संपवतात आणि एकमेकांच्या घाणीत बसतात. गोड्या पाण्याने धुवायचे तर मुळीच नाहीत.

हवेत राहिलेला शिंपला झडपा मिटून घेतो आणि ऑक्सिजनविना तग धरतो. पुन्हा पाण्यात गेला की ऑक्सिजनचा लोंढा येतो आणि त्यातून तयार होणारी क्रियाशील रूपं डीएनए तोडू शकतात. त्यामुळे पाण्यातून काढल्यापासून पेशी काढेपर्यंतचा वेळ सगळ्या ठिकाणांसाठी सारखा ठेवा. जवळच्या ठिकाणचे तासाभरात आणि दूरचे सहा तासांनी तपासलेत, तर तुमचा आलेख अंतराप्रमाणे छान चढेल आणि त्याचा प्रदूषणाशी काडीचाही संबंध नसेल. सोपा उपाय म्हणजे जवळचे शिंपलेही पेटीत तेवढाच वेळ ठेवायचे. आणि एका दिवसात एकाच ठिकाणाचे सगळे शिंपले उरकू नका; प्रत्येक दिवशी सगळ्या ठिकाणचे थोडे थोडे घ्या.

पायरी ५: हिमोलिम्फ काढणं

शिंपल्याच्या रक्तासारख्या द्रवाला हिमोलिम्फ म्हणतात आणि त्यातल्या पेशींना हिमोसाइट. या सुट्या असतात, म्हणून ऊती फोडण्याची भानगड नाही.

मसलच्या रुंद, गोलसर टोकाकडे झडपा मिटणारा मोठा स्नायू असतो. त्या बाजूने बोथट सुरीचं टोक झडपांमध्ये सरकवून हलकेच पिळा, दोन-तीन मिलिमीटर फट पडली की पिपेटचं प्लास्टिकचं टोक पाचरीसारखं अडकवा. शिंपला उपडा धरून आतलं समुद्राचं पाणी पूर्ण निथळू द्या, नाहीतर तेच सिरिंजमध्ये येतं. मग २३ ते २५ गेजची सुई त्या स्नायूत घालून दट्ट्या अगदी हळू ओढा. जोराने ओढला तर अरुंद सुईत पेशी घासून फाटतात. पाव ते अर्धा मिलिलिटर पुरतो. पेशी सोडतानाही सुई काढून मगच सिरिंज रिकामी करा.

चांगला हिमोलिम्फ जवळजवळ रंगहीन, किंचित धूसर असतो. हिरवट-तपकिरी आला तर सुई पचनग्रंथीत गेली. दुधाळ आला तर शुक्राणू मिसळले असण्याची शक्यता मोठी. दोन्ही वेळा तो नमुना टाकून द्या, वाचवायला जाऊ नका.

हिमोसाइट बाहेर आल्याबरोबर एकमेकांना आणि भांड्याला चिकटायला लागतात, म्हणून सिरिंजमध्ये आधीच हिमोलिम्फएवढंच, थंड, गुठळ्या रोखणारं द्रावण घेऊन ठेवा. आता या लेखातली सर्वात उपयोगी सूचना: ते द्रावण समुद्राच्या पाण्याइतकं खारट हवं. सागरी शिंपल्याचा हिमोलिम्फ आजूबाजूच्या पाण्याशी समतोल राखतो, म्हणजे सुमारे १००० मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांच्या प्रमाणाचं हे माप). सस्तन प्राण्यांच्या पेशींसाठी बनवलेलं फॉस्फेट बफर सुमारे ३०० चं असतं. त्यात पडल्यावर पेशी पाणी ओढून फुगतात आणि फुटतात. बहुतेक छापील कृती माणसाच्या रक्तपेशींसाठी लिहिलेल्या असतात, आणि त्या जशाच्या तशा उचलल्या की नेमकं हेच होतं.

लगेच थोड्या पेशी ट्रायपॅन ब्लूमध्ये पाहा. मेलेल्या पेशी निळ्या दिसतात. जिवंत पेशी ८० टक्क्यांहून कमी असतील तर पुढे जाऊ नका. मरणाऱ्या पेशींचा डीएनए आपोआपच तुटतो. इथून पुढे सगळं बर्फावर आणि मंद, पिवळ्या उजेडात.

पायरी ६: कॉमेट

कृती ठरलेली आहे, म्हणून भराभर सांगतो. स्लाइडवर आधी १ टक्का साध्या अगारोजचा पातळ थर देऊन वाळवा. पेशी ३७ अंशांवर ठेवलेल्या ०.५ ते ०.७ टक्के लो-मेल्टिंग अगारोजमध्ये मिसळा, स्लाइडवर टाका, कव्हरस्लिप ठेवा आणि थंडीत घट्ट होऊ द्या. कव्हरस्लिप आडवी सरकवून काढा. उचललीत तर जेलही वर येतं.

पेशी विरघळवणारं द्रावण: २.५ मोलर मीठ, १०० मिलिमोलर ईडीटीए, १० मिलिमोलर ट्रिस, पीएच १०, आणि वापरण्याच्या वेळी घातलेलं १ टक्का ट्रायटॉन एक्स-१०० व १० टक्के डीएमएसओ. ४ अंशांवर, अंधारात, किमान एक तास. मग ताज्या ३०० मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि १ मिलिमोलर ईडीटीएच्या द्रावणात, म्हणजे पीएच १३ च्या वर, २० मिनिटं ठेवून धागे उलगडू द्या. त्याच थंड द्रावणात प्रवाह द्या, सर्वसाधारणपणे २५ व्होल्ट, ३०० मिलिअँपिअर, २० मिनिटं. नंतर ०.४ मोलर ट्रिसने, पीएच ७.५ वर, पाच-पाच मिनिटं तीनदा धुवा आणि रंगवा. इथिडियम ब्रोमाइड वापरत असाल तर हातमोजे घाला आणि उरलेला रंग नाल्यात ओतू नका. तो स्वतःच डीएनएला चिकटणारा पदार्थ आहे.

दोन बारकावे. टाकीतल्या द्रावणाची पातळी मिलिमीटरभर बदलली तरी करंट बदलतो, म्हणून दरवेळी मोजून तेवढंच ओता. आणि व्होल्टचा आकडा दुसऱ्याच्या टाकीवरून उचलू नका. दोन इलेक्ट्रोडमधल्या अंतराने भागून पाहा, सेंटिमीटरमागे ०.७ ते १ व्होल्ट हवा.

प्रत्येक खेपेत दोन साक्षीदार स्लाइड हव्यात: स्वच्छ पेशींची एक, आणि त्याच पेशी बर्फावर १०-१५ मिनिटं सुमारे १०० मायक्रोमोलर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवून केलेली एक. पहिलीत शेपटी अगदी जराशी, दुसरीत ठसठशीत. तसं दिसलं नाही तर ती अख्खी खेप बाद.

पायरी ७: मोजणी

स्लाइडवर सांकेतिक क्रमांक घाला आणि तो दुसऱ्या कोणालातरी घालायला सांगा. कोणती स्लाइड कुठली हे माहीत असताना माणूस प्रामाणिकपणे मोजू शकत नाही, कितीही सज्जन असला तरी.

प्रत्येक शिंपल्याच्या दोन स्लाइड, प्रत्येकी ५० पेशी. कडा आणि बुडबुड्यांजवळच्या पेशी सोडा. कॉमेटस्कोर किंवा ओपनकॉमेटसारख्या सॉफ्टवेअरने शेपटीतल्या डीएनएची टक्केवारी घ्या. माझ्या मते हेच माप सर्वात सरळ. सॉफ्टवेअर नसेल तर डोळ्यांनी ० ते ४ असे गुण द्या, १०० पेशींची बेरीज ० ते ४०० मध्ये येते. डोकं जवळपास नाहीसं आणि सगळा डीएनए ढगासारखा पसरलेला, अशा पेशींची संख्या वेगळी लिहा. त्या गुपचूप गाळायच्याही नाहीत आणि सरासरीत मिसळायच्याही नाहीत.

पायरी ८: मायक्रोन्यूक्लियस

हिमोलिम्फचा थेंब स्लाइडवर टाकून ओलसर डब्यात १५-२० मिनिटं ठेवा. मघाशी नकोसं वाटलेलं पेशींचं चिकटणं इथे कामी येतं. मिथेनॉलने पक्कं करा, ५ टक्के गिम्साने रंगवा, ऑइल इमर्शनखाली १००० पट मोठं करून पाहा. कल्ल्यांच्या पेशीही वापरतात. त्या सतत नव्याने तयार होतात आणि पाण्याच्या थेट संपर्कात असतात.

मायक्रोन्यूक्लियस म्हणण्यासाठी तो गोल हवा, मुख्य केंद्रकाच्या एक-तृतीयांशाहून लहान हवा, त्याच रंगाचा हवा, त्याच पातळीवर स्पष्ट दिसायला हवा आणि मुख्य केंद्रकापासून सुटा हवा. दाणेदार हिमोसाइटमधले कण फसवतात; शंका आली तर डीएनएलाच चिकटणाऱ्या डॅपीसारख्या रंगाने पुन्हा पाहा.

मोजायच्या किती? समजा खरं प्रमाण हजारात २ आहे. तुम्ही १००० पेशी मोजल्यात तर साधारण सातांतल्या एका शिंपल्यात शून्य सापडेल, आणि कुणात चार-पाचही सापडतील, निव्वळ योगायोगाने. म्हणून प्रत्येकी निदान २००० पेशी. कंटाळवाणं आहे, मान्य.

पायरी ९: आकडेमोड

प्रत्येक ठिकाणचे १० ते २० शिंपले घ्या आणि लक्षात असू द्या की मोजमापाचं एकक शिंपला आहे, पेशी नव्हे. १० शिंपल्यांच्या प्रत्येकी १०० पेशी म्हणजे १००० निरीक्षणं धरलीत, तर कुठलाही किरकोळ फरक ‘लक्षणीय’ ठरेल. प्रत्येक शिंपल्याचा मध्यक काढा आणि ठिकाणांची तुलना त्या मध्यकांवर करा. वितरण तिरकं असतं, म्हणून क्रुस्कल-वॉलिस ही आकड्यांच्या चढत्या क्रमावरून गटांची तुलना करणारी चाचणी सुरुवातीला पुरते.

आकडा हातात आल्यावर

हानी जास्त दिसली म्हणजे प्रदूषण, इतकं सरळ नाही. उन्हाळ्यातलं गरम पाणी, उपासमार, ऑक्सिजनची कमतरता यांनीही शेपट्या वाढतात. शिंपल्यांना हिमोसाइटचा एक कर्करोग होतो, आणि २०१५ मध्ये मऊ शिंपेच्या माया अरेनारिया या शिंपल्यात तो एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे पेशींच्याच रूपाने पसरतो हे दिसून आलं. अशा शिंपल्यात मोठी, विचित्र केंद्रकं दिसतात आणि मायक्रोन्यूक्लियसचा आकडा वर जातो. पाणी कितीही स्वच्छ असलं तरी. गिम्साच्या स्लाइडवर असा प्राणी ओळखू आला तर त्याची नोंद वेगळी ठेवा.

उलटंही होतं. फॉर्मल्डिहाइडसारखे काही पदार्थ डीएनएला प्रथिनांशी, तर काही त्याचे धागे एकमेकांशी जखडून टाकतात. जखडलेला डीएनए सरकत नाही, शेपटी आखूड येते, आणि सर्वात बिघडलेली जागा कागदावर सर्वात निरोगी दिसते. अशा पदार्थांचा संशय असेल तर पेशींना पेरॉक्साइड देऊन पाहा: स्वच्छ जागेच्या पेशींत शेपटी जेवढी वाढते तेवढी यांच्यात वाढली नाही, तर जखडण झालेली असू शकते.

हिमोलिम्फ काढून झाल्यावर मांस फेकू नका. प्रत्येक शिंपल्याचं मांस क्रमांक घालून गोठवा. पीएएच मोजायचे असतील तर ते फॉइलमध्ये गुंडाळा, धातू मोजायचे असतील तर स्वच्छ प्लास्टिकमध्ये ठेवा. अहवालात शिंपल्यांची जात, लांबी, पाण्याचं तापमान आणि क्षारता, काढल्यापासून तपासणीपर्यंतचे तास, जिवंत पेशींची टक्केवारी, साक्षीदार स्लाइडचे आकडे आणि बाद केलेल्या नमुन्यांची संख्या हे सगळं लिहा. ठिकाणांचा क्रम मांसातल्या रसायनांच्या क्रमाशी जुळला, तर ‘या रसायनांशी सुसंगत हानी’ असं म्हणा. ‘या कारखान्यामुळे हानी’ असं लिहायला कॉमेटचा एक आलेख पुरत नाही.